टेकडीपलीकडचा निरोप

१४ नोव्हेंबर २०१९, गुरुवार

खाणीच्या पंपघरात तीस वर्षे होतो तेव्हा रोज किती तास पंप चालला, खड्ड्यात किती पाणी उरले, ते लिहावे लागे. निवृत्त होऊन पंधरा वर्षे झाली, खाणही दीड वर्ष बंद पडून आहे, पण लिहिण्याची खोड जात नाही. घरात बोलतो कोकणी, लिहितो मराठी. चौथीपर्यंत मास्तरांनी हात तेवढाच वळवला. चुका होतात. वाचणार कोण आहे?

आज गौरवी आली. माझी नात, पुण्याला विज्ञानात मोठा अभ्यास करते. तिला आमचे बंद पंपघर पाहिजे आहे आणि पंपघरात बसायला मी पाहिजे आहे. या वयात काही मोडले-फोडले तर?

तिने मला समजावले ते असे. जगात जेवढे दिसते त्याच्या पाचपट काहीतरी न दिसणारे आहे. त्याला कृष्णद्रव्य म्हणतात.

"कृष्णाचं द्रव्य म्हणजे लोणी," देवकी आतून म्हणाली. माझ्या बायकोला सगळे ऐकू येते, फक्त मी हाक मारलेली येत नाही.

"दिसत नाही तर आहे हे कुणी पाहिलं?" मी विचारले.

"आजो, खड्ड्याच्या तळाचं पाणी तुम्हाला दिसायचं? तरी पंपाच्या आवाजावरून किती उरलंय ते कळायचं ना? तसंच. त्याची ओढ लागते, म्हणून आहे."

त्या द्रव्यात एक असा कण असेल असा काहींचा तर्क आहे, की विजेची लहर त्याचे रूप घेऊन भिंतीतून जाईल आणि पलीकडे परत लहर होईल. डोंगर त्याला अडवणार नाही, समुद्र अडवणार नाही. मग माणूस पृथ्वीच्या एका बाजूने बोलेल आणि दुसऱ्या बाजूला तार नाही, खांब नाही, तरी ऐकू येईल.

"असेल," मी म्हटले.

"असेल. अजून कुणालाच सापडलेला नाही," ती म्हणाली आणि हसली. हसू मला खरे वाटले नाही. चार वर्षे ती याच्याच मागे आहे. काही निघाले तर ठीक, नाहीतर पुढे काय, असे तिच्या आईला फोनवर सांगताना मी ऐकले आहे.

१६ नोव्हेंबर, शनिवार

तांब्याचे दोन डबे आले. एक टेकडीपलीकडे काटाघरात, जिथे पूर्वी ट्रक वजन करायचे. त्याला मी बोलणारा डबा म्हणतो. दुसरा पंपघरात, तो ऐकणारा. मध्ये विकली न गेलेली खनिजाची टेकडी. सगळे लोखंडच. साधी लहर त्यातून जाऊच शकत नाही, आणि खाण बंद असल्याने आसपास कसलीही घरघर नाही. म्हणून ही जागा.

मला नेम घालून दिले आहेत. डब्याला हात लावायचा नाही. मोबाइल घरी ठेवायचा. आग, विडी, निरांजन काही नाही. सकाळी दहाला संगणकावरचा आकडा निळ्या वहीत उतरवायचा; ऐकणाऱ्या डब्यात लहर शिरली की तो वाढतो. गाडी आली, वीज गेली, गुरे शिरली तर तेही लिहायचे.

"जे दिसेल ते लिहायचं, आजो. जे वाटेल ते लिहायचं नाही."

आणि एक. चौदा दिवसांपैकी काही दिवस बोलणारा डबा चालू असेल, काही दिवस बंद. कोणता दिवस कसा ते पुण्याच्या सरांनी आधी ठरवून पाकिटात बंद केले आहे. यंत्र तिथूनच चालू-बंद होणार. गौरवीलाही ठाऊक नाही. "ठाऊक असलं की मन पाहिजे ते बघतं," असे ती म्हणाली.

१७ नोव्हेंबर, रविवार

काम सुरू करायचे आणि दिवा नाही, गाऱ्हाणे नाही? सातेरी आमची गावदेवी, आम्ही तिचे गुरव. पूजेची पाळी आता पुतण्यांकडे गेली, पण हात तोच. पंपघराच्या कोनाड्यात सातेरीची तसबीर मीच लावली होती, अजून आहे.

आगीला बंदी. म्हणून साखळी गावच्या बाजारातून विजेवर लागणारी छोटी समई आणली. पाच वाती, लुकलुकतात. बटण दाबले की झाले.

"तुमची देवी आता बटणावर चालतली," देवकी म्हणाली. बोलू दे. मुलीने आग नको म्हटले, मी आग नेली नाही.

१८ नोव्हेंबर, सोमवार

माझी जुनी पायवाट काटाघरावरूनच जाते. दाराला कुलूप होते, पण आत यंत्राचा पंखा घुमत होता. गौरवी हमरस्त्याने स्कूटरवर येते, तिला हे ऐकू येणार नाही. तीस वर्षे पंप ऐकलेला कान माझा, बाकी बहिरा झाला तरी यंत्र चालू की बंद एवढे कळते. म्हणजे आज निरोप निघाला आहे. तिला सांगू काय? ज्याचे पाकीट बंद ते आपण कसे फोडायचे? गप्प राहिलो.

निरोप निघाला, म्हणून समई लावली. डब्याला वीज देणाऱ्या फळीवरच प्लग घालायचे एक भोक रिकामे होते. उभा राहून गाऱ्हाणे घातले: बा देवी सातेरी, हे तुझे लेकरू अंधारातून बोलू बघते आहे, त्याचा शब्द पलीकडे पोचव, काही चुकले तर पोटात घाल. 'व्हय म्हाराजा' म्हणायला दुसरे कोणी नव्हते. मीच म्हटले.

आकडा ५८.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

काटाघरात शांत. निरोपच नाही तर दिवा कोणासाठी? देवीला उगाच कशाला तिष्ठत ठेवायचे? लावला नाही. आकडा ४१.

गुडघा दुखतो. पंपघराची किल्ली हरवली असे वाटून अर्धा रस्ता परत आलो. खिशातच होती.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

काल पंखा चालू, दिवा लावला, ५७. आज बंद, ४२.

संध्याकाळी गौरवी ओसरीवर बसून विचारत होती, कौल लावतात म्हणजे नेमके काय? मी सांगितले. देवीच्या उजव्या आणि डाव्या खांद्याला भिजवलेली एकेक पाकळी चिकटवायची, प्रश्न विचारायचा आणि हात जोडून थांबायचे. उजवी आधी पडली तर हो. डावी पडली तर नको.

ती एकदम सरसावून बसली. "म्हणजे माझा डबाच की हा! हो की नाही, एवढाच निरोप. पण आजो, पाकळी देवीनं पाडली, की दारातल्या वाऱ्यानं, की लावणाऱ्यानं पाणी कमी लावलं म्हणून पडली, हे कसं ओळखायचं?"

मी म्हटले, ओळखायचे नसते. आणि गोठ्यात काही काम नसताना उठून गोठ्यात गेलो.

तिने सहज विचारले. तिला काय ठाऊक? पण पन्नास वर्षांत हे मी कागदावर आणले नाही, आज आणतो. १९६९ साली माझी बहीण चंद्रावती मॅट्रिक झाली. पणजीला नर्सचे शिक्षण घ्यायला जाते म्हणाली. जागा मिळाल्याचे पत्रही आले होते. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून पांढरे कापडी बूट घेऊन आली आणि अंगणात ते घालून चालून दाखवले. बाबा म्हणाले, देवीला विचारू. पाळी माझी होती. मला भीती वाटली. एकटी मुलगी, परका गाव, लोक काय म्हणतील, तिच्यामागे आमच्या घराचे काय होईल. उजव्या पाकळीला मी पाणी भरपूर लावले. डावीला नुसते बोट.

डावी पडली. चंद्रावतीने देवीच्या पाया पडून "बरं" एवढेच म्हटले. पुढच्या वर्षी पेडण्याला दिली. संसार चांगला झाला. मी तिला कधी सांगितले नाही. तिनेही ते नाव पुन्हा काढले नाही, म्हणजे विसरलीच असणार. या चवथीला तिच्या माळ्यावरून पाट काढताना कागदात गुंडाळलेले पांढरे बूट दिसले, लहान पायाचे. कुठल्या तरी नातीचे असतील.

२५ नोव्हेंबर, सोमवार

भावकीतला कृष्णनाथ गेला. नाते लांबचे, तीन दिवसांचे सुतक. पंपघरात जायला हरकत नाही, पण देवाला हात लावायचा नाही. पंखा चालू होता. समई लावली नाही. नुसते लांबून हात जोडले. आकडा ४१.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

पंखा बंद. ४०. म्हाताऱ्यांनी भिंत धरून चालावे असे वैद्य सांगतात ते कोणत्या वयापासून? आज पायरीवर तोल गेला.

२७ नोव्हेंबर, बुधवार

पंखा चालू. सुतक. ४२. उद्या सकाळी फिटेल.

१ डिसेंबर, रविवार

चौदा दिवस भरले. गेले तीन दिवस पंखा चालू होता, दिवाही लागला. निळी वही गौरवीला दिली. अक्षर बघून ती म्हणाली, "आजो, तुमच्यासारखी वही आमच्या प्रयोगशाळेत एकाची नाही." मला फार बरे वाटले.

३ डिसेंबर, मंगळवार

आज पाकीट उघडले. सर फोनवर एकेक तारीख वाचत होते, गौरवी वहीवर खूण करत होती. चौदापैकी बारा दिवस जुळले. डबा बोलला त्या दिवशी आकडा वर, गप्प होता त्या दिवशी खाली.

ती ओरडलीच. देवकीला धरून गरगर फिरवले.

"सोड गो बाय, भात करपला!" देवकी म्हणत होती आणि हसत होती.

मग गौरवी माझ्यापाशी येऊन बसली. डोळे भरलेले. "आजो, हे खरं असलं ना, तर तुमच्या पंपघरात जे झालं ते जगात कुठंच झालेलं नाही."

सर सोमवारी स्वतः येणार आहेत. दोनच दिवस जुळले नाहीत, पंचवीस आणि सत्तावीस. बोलणारा डबा चालू असून आकडा खालीच. ती म्हणाली, त्या दोन दिवसांत काय वेगळे होते ते शोधले पाहिजे.

४ डिसेंबर, बुधवार

पंचवीस आणि सत्तावीस.

मागची पाने उलटून पाहिली. निळ्या वहीत त्या दिवशी काहीच नाही. या वहीत आहे.

असे कसे होईल? एवढीशी समई. पाच वाती, बोटाएवढ्या. मी काय डब्याला लावली होती? देवीला लावली होती. देवीने शब्द पोचवला, सुतकात मी गाऱ्हाणे घातले नाही म्हणून पोचला नाही, असेही असू शकते की. का नसावे?

असे लिहिले खरे. पण पाणी कोणत्या पाकळीला जास्त लावले हे लावणाऱ्याला ठाऊक असते.

५ डिसेंबर, गुरुवार

पंपघरात गेलो. ऐकणारा डबा अजून चालू ठेवला आहे. काटाघरात शांत होते, पंखा नाही. संगणकावर ४१.

समई लावली. थांबलो. ५८.

काढली. थांबलो. ४१.

पुन्हा केले. मग पुन्हा. तीनदा केले आणि तीनदा तेच. त्यात एकदा मी तसबिरीकडे पाठ करून, गाऱ्हाणे न घालता, ओठ मिटून लावली. तरी ५८.

घरी येताना समई पिशवीत होती. खड्ड्याच्या काठाशी बराच वेळ उभा राहिलो. शंभर फूट पाणी आहे आता तिथे, हिरवे. टाकली असती तर कोणाला कळले नसते. बारा जुळले ते जुळलेच राहिले असते. मुलगी आनंदात राहिली असती. पिशवी घेऊन परत आलो. का, ते नीट सांगता येत नाही. गुडघा भरून आला होता, फार वेळ उभे राहवत नव्हते, हेही एक कारण आहे.

६ डिसेंबर, शुक्रवार

सांगितले नाही. ती सरांसाठी तक्ते करत होती, गुणगुणत होती. देवकीने विचारले, "आयकलें? तुमचें तोंड असें कित्याक?" म्हटले, पोट बरे नाही. तिने पेज दिली.

७ डिसेंबर, शनिवार

सकाळी चहा झाल्यावर समई तिच्यापुढे ठेवली.

"ही काय?"

"ही मी पंपघरात लावायचो. तुझ्या डब्याच्या फळीवर."

"कधी?"

"काटाघरातला पंखा ऐकू आला की. निरोप निघाला त्या दिवशी. पंचवीस आणि सत्तावीसला सुतक होतं."

तिने समई उचलून उलटी केली, तिच्या वायरीचा काळा ठोकळा बोटांनी चाचपला. मग स्कूटरवर मला मागे बसवून पंपघरात नेले. तिने स्वतः लावली. ५८. काढली. ४१. ती जमिनीवरच बसली, भिंतीला टेकून.

"डब्याला चारी बाजूंनी तांबं आहे," ती हळूच म्हणाली, "पण वीज आत येते ती या फळीतूनच. या ठोकळ्याच्या विजेचा गोंगाट तिथून आत गेला." मग एकदम मोठ्याने, "आजो, गुरं आली ते लिहिलंत, पारवा शिरला ते लिहिलंत! एक ओळ लिहिता आली नाही?"

"देवपूजा कोण वहीत लिहितं, बाय? ती काय घडलेली गोष्ट असते? ती करायचीच असते."

"आणि पंखा ऐकू येतो हे?"

"तू म्हणालीस ना, पाकीट फोडायचं नाही."

ती हसायला लागली आणि मग रडायला लागली. दोन्ही एकात एक. मी उभाच. खांद्यावर हात ठेवावा काय कळेना, शेवटी डोक्यावर ठेवला. तिने तो झटकला नाही.

बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले आणि निळी वही पुढे केली. "तुम्हीच लिहा. तारखेसह. कोणत्या दिवशी लावली, कोणत्या दिवशी नाही, का नाही. खाली सही."

"लोक वाचतील."

"वाचू दे."

लिहिले. सातेरी, गाऱ्हाणे, सुतक, सगळे. सही नेहमीसारखी आली नाही. तिने सरांना फोन लावला. मी बाहेर जाऊन थांबलो. आली तेव्हा विचारले, सर काय म्हणाले?

"दोनदा विचारलं, समई? मग म्हणाले, तरी येतो, तिकीट काढलंय."

८ डिसेंबर, रविवार

ती माझ्याशी बोलली नाही. देवकीही नाही. दोघींनी मिळून तांदूळ निवडले, एका शब्दाशिवाय. पेजेत आज मीठ नव्हते, पण मी मागितले नाही.

१० डिसेंबर, मंगळवार

सर काल आले. धिप्पाड असतील असे वाटले होते, तर किरकोळ माणूस, स्वेटर घालून घामाघूम. मला नमस्कार केला. निळ्या वहीतले माझे पान दोनदा वाचले आणि विचारले, "सुतक दहा दिवसांचं असतं ना?" मी म्हटले, लांबच्या भावकीचे तीन. ते म्हणाले, "दहाचं असतं तर आम्हाला आधीच कळलं असतं." चेष्टा होती की काय, ठाऊक नाही.

फळी बदलली. वीज आता बॅटरीतून. पंख्यालाही गोणपाट बांधले, मला ऐकू येऊ नये म्हणून. मी म्हटले, मला घरीच ठेवा. गौरवी म्हणाली, "नाही. तुम्हीच बसायचं." तीन दिवसांनी पहिल्यांदा बोलली.

३० डिसेंबर, सोमवार

दुसरे चौदा दिवस परवा संपले. ४१, ४०, ४२, ४१. पाकीट उघडले. काही जुळले नाही. निरोप टेकडीतून आला नाही.

मला वाटले घरात सुतक पडेल. पण गौरवी शांत होती. म्हणाली, इतक्या बारीक कानाने ऐकले आणि आले नाही, हेही कळावे लागते. पुढचा माणूस याहून बारीक कान घेऊन बसेल, इथे वेळ घालवणार नाही. हे छापणार आहेत म्हणे. 'नाही' एवढेच छापायचे, ते कशाला, मी विचारले.

"कारण ते खरं 'नाही' आहे, आजो."

तिचे पुढे काय, हे मी विचारले नाही. तिनेच सांगितले की अजून दोन वर्षे लागतील. आईला फोन करायला ती विहिरीकडे गेली. बराच वेळ तिकडे होती.

खरे 'नाही'. दिवसभर ते शब्द माझ्या मागे लागले आहेत. मी एक दिले होते, ते कसले होते?

१९ जानेवारी २०२०, रविवार

आज पेडण्याला जाऊन आलो. साखळीहून म्हापसा, म्हापशाहून पेडणे. देवकीला म्हटले, चंद्रावतीला तिळगूळ देतो. "पोस्टान धाडा," ती म्हणाली, पण डबा भरून दिला.

वाटेत तीन वेळा वाटले उतरून परत फिरावे.

चंद्रावती घरात एकटी होती. स्वयंपाकघरात बसवले, चहा आणि पाव दिला. सांगितले. सरळ सांगता आले नाही, आधी गौरवीच्या डब्याचे सांगितले, मग समईचे, मग पाकळ्यांचे. उजवीला पाणी जास्त, डावीला नुसते बोट. माझी पाळी होती. देवी काही बोलली नव्हती.

इथून पुढे जे दिसले तेवढेच लिहितो.

ती मोरीपाशी उभी होती, पाठ माझ्याकडे. पेला धूत होती. थोड्या वेळाने म्हणाली, "दादा, माका जावचाच नव्हता रे. माकाच भंय वाटत होता. कौल नको इलो, तशी मी सुटलय."

मी म्हटले, खरेच?

"खोटा कित्याक सांगू? पन्नास वर्सां झाली."

मी विचारले, माळ्यावर पांढरे बूट आहेत ते कोणाचे?

"उंदरांचे," ती म्हणाली.

पेला धुऊन झाला होता. तिने तो पालथा घातला, मग उचलला आणि पुन्हा धुतला.

निघताना तिने माझ्या पिशवीत शहाळे ठेवले आणि बसथांब्यापर्यंत आली. बस सुटली तेव्हा ती तिथेच उभी होती. हात वर केला नव्हता, आणि घरीही परत फिरली नव्हती.